दाराच्या खाचेतलं भस्म

आमच्या मोटारीचा आतला लाइट तीन वर्षं लागत नव्हता. दार उघडलं की छताला तो छोटा दिवा लागतो बघा, तो. आमचे हे असतानाच तो बिघडला, आणि ह्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. शनिवारी धर्मापुरीचं एक जोडपं मोटार न्यायला येणार होतं, लेकानं फोनवरच ठरवून टाकलेलं. जुन्या गाड्यांचा शौक हाय म्हणे त्यांना. मी बरं म्हणाले. त्या वर्षात मी सगळ्यालाच बरं म्हणत होते. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, चहात साखर पडली का न्हाई तेसुद्धा कळत नव्हतं.

एवढंच मनात धरलं होतं, की लाइट लागल्याशिवाय गाडी द्यायची न्हाई. धारूरच्या बाजारात आमचं किराणा दुकान होतं, ह्यांनी कधी कुणाच्या पिशवीत किडकी डाळ घातली न्हाई, हे एक. पण खरं कारण वेगळंच होतं. त्या लाइटापायी ह्यांनी गाडीचं काम करणं सोडलं. आठवडाभर खुडबूड केली, बल्ब बदलला, फ्यूज बदलला, आणि मग एका सकाळी पाने-पकडी पोत्यात बांधल्या. म्हणाले, “आता हात चालत न्हाई माझा.” खरंच हात गेला होता का ह्यांचा, तेवढं मला बघायचं होतं.

शुक्रवारी सकाळी दिराला बोलावलं. त्यांनी जन्मभर घरांच्या वायरिंगची कामं केली. बॅटरी आदल्या दिवशीच चार्ज करून आणलेली. टेस्टर कानाला अडकवून आले आणि आल्या आल्या सुरू.

“वहिनी, म्हातारीला नटवून सासरी धाडताव का?”

“म्हातारी कुणाला म्हणताव? तुमच्यापेक्षा धाकटी हाय ती.”

“म्हणून तर तिला गिऱ्हाईक आलं. मला कोण नेतंय!”

मी हसले असेन. उन्हात दिवा दिसणार कसा, म्हणून मी काचांवर गोधड्या टाकल्या. आत अंधार झाला. सीटला अजून ह्यांच्या तंबाखूचा वास होता. मला वाटलं, आता काहीतरी होईल आपल्याला. काही झालं न्हाई. मी नुसती बसले.

दिव्याच्या बुडाशीच एक खटका असतो. भाऊजींनी तो सरकवला, तर दिवा भक्कन लागला.

“हे बघा, बल्ब चांगला, फ्यूज चांगला, वायरीत करंट हाय. खटका दाराकडं केला की मातर न्हाई. म्हणजे रोग दारात.”

दार लावतो तिथं चौकटीच्या खाचेत एक बटण असतं. दार लावलं की ते आत दबतं, उघडलं की बाहेर येतं आणि दिवा लागतो. भाऊजी खाली वाकले, चष्मा वर केला आणि खाचेत बोट फिरवलं.

“काय झालं?”

“तुमीच बघा.”

खाचेत पांढरा लेप होता, चुन्यासारखा कडक. बटण त्याच्यात रुतून बसलेलं.

भस्म होतं ते. माझं. आमच्या घरी शंकराची भक्ती. सोमवारच्या सोमवार दुकानाच्या मापांना, तराजूला भस्माची तीन बोटं ओढायची, आणि मोटार आली तसं तिलाही. रंगाला डाग पडतो म्हणून हेच म्हणाले होते, “बाहेर नको, दार उघडून आत लाव.” मी ओलं भस्म लावत गेले. थरावर थर. पुसायचं न्हाई, देवाचं हाय.

मी म्हटलं, “ह्यांना एवढं दिसलं न्हाई?”

भाऊजी गाडीच्या पुढच्या खणात कापड शोधत होते, त्यात एक कागदाची पुडी निघाली. आत कोरं बटण. पुडी बांधलेली ह्यांची, दुकानातल्यासारखी, दोरा दोनदा फिरवून.

“दादाला ठावं होतं, वहिनी,” भाऊजी म्हणाले. “नवं बटण आणून ठेवलंय. बसवायचं तर भस्म खरवडावं लागलं असतं.”

हात गेला नव्हता ह्यांचा. ह्यांना मला बोल लावायचा नव्हता, एवढंच. आणि त्यासाठी पाने बांधून ठेवले, माझ्यासमोर म्हातारे झाले.

मी केसातला आकडा काढला आणि खरवडायला लागले. भाऊजी म्हणाले, मी करतो. मी म्हटलं, मीच लावलंय. पांढरी भुकटी लुगड्यावर पडत होती. शेवटी बटण टक्‌ करून बाहेर आलं आणि दिवा लागला. पिवळा, बारका. गोधडीखाली आम्ही दोघं त्याच्याकडं बघत राहिलो. वाटलं, आता तरी रडू येईल. भाऊजींनी डोळे पुसले. मी त्यांना चहा विचारला.

शनिवारी जोडपं आलं. बाई गोड होती, येताना हळदकुंकू आणि फूल घेऊन आलेली. ओलं कुंकू बोटावर घेऊन तिनं दार उघडलं आणि खाचेकडं वाकली.

“तिथं नका लावू माय,” मी म्हटलं.

“कावून हो आई?”

“बटण हाय तिथं. काचेला लावा.”

तिनं काचेला लावलं. खटका कसा सरकवायचा ते मी दाखवलं. नवं बटण दिलं न्हाई, ते पुडीसकट माझ्यापाशीच हाय.

गाडी निघाली. कोपऱ्यावर थांबली, बाईचा पदर अडकला होता, तिनं दार उघडून आत ओढला आणि परत लावलं. आतला लाइट लागला असेल. भर दुपारच्या उन्हात मला इथून काही दिसलं न्हाई.