लीलामावशींचा डावा पाय

कऱ्हाटीच्या लीलाबाई पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेल्या. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण जाते, असं आमच्याकडं मानतात. मी अकबर, सुप्यात वीस वर्षं औषधाचं दुकान चालवतो, कंबरदुखीच्या गोळ्या आणि मलमं विकतो, आणि तरीही सांगतो, माझी स्वतःची उसण दोनदा लीलामावशींच्या पायानं गेली आहे. कशी गेली ते विचारू नका. आम्हा औषधवाल्यांना पुष्कळ गोष्टी ठाऊक नसतात, कबूल करणारे थोडे.

उसण भरलेला माणूस उंबऱ्याशी पालथा पडायचा. मावशी पदर खोचून डावा पाय त्याच्या पाठीवर पाच वेळा अलगद टेकवायच्या आणि "ऊठ, लई लाडात येऊ नगं" म्हणून हाकलायच्या. मोबदला घेतला तर गुण जातो म्हणून कुणी आणलेला नारळसुद्धा परत द्यायच्या. एरवी कुणापुढं मान न वाकवणारे बागायतदार त्यांच्यापुढं पालथे पडलेले मी पाहिलेत. वळवाचे ढग वाजायला लागले की मात्र मावशी घरात दडून बसत, कारण वीज पायाळू माणसाला शोधत येते म्हणतात. मी चिडवायचो, "मावशी, तुमच्याकडं वीज घर इचारत येती, आमच्याकडं बिल भरून पन येत न्हाय!"

त्यांची एकुलती एक मुलगी छकुली. लाडाचं नाव एकतिसाव्या वर्षीही चिकटून राहिलेलं. तिला उजनीच्या काठाला, पळसदेवला दिली होती. नवरा सिद्धू मासळीचा धंदा करतो. पदरात सहा वर्षांची पोरगी. दोन वर्षांपूर्वी छकुलीला आधी एस.टी.ची पायरी चढवेना, मग वेणी घालायला हात वर जाईना, आणि मग एकदा खाली बसली की उठताच येईना. पापण्यांवर जांभळट लाली आली. सासरी म्हणाले कामचुकार आहे. गावच्या डॉक्टरनं अशक्तपणा म्हणून सलाइन लावलं. कुणी उतारा टाकायला सांगितला. दुखणं रेड्याला अन् डाग पखालीला! शेवटी पुण्याला मांडीतला तुकडा काढून तपासला तेव्हा कळलं, की रोगाशी लढणारी अंगातली शक्तीच तिच्या स्नायूंवर उलटली आहे आणि स्नायू सुजून वाया चाललेत.

तोवर सिद्धूनं तिला माहेरी आणून सोडलं होतं. पोरगी तिकडंच ठेवून घेतली. "खाली बसून भाकरी थापून आपली आपन उठाया लागली, की न्ह्यायला येतो," म्हणाला. लोक म्हणतात माणूस वाईट नाही. असेल. मला त्याचं तोंड पाहवत नाही.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी स्टेरॉइड सुरू केलं आणि बजावलं, ही गोळी स्नायू वाचवील पण हाडं पोखरील. म्हणून सोबत कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि हाडांसाठी आठवड्याला एक गोळी. ती सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मायलेकींना ही चिठ्ठी मीच वाचून दाखवली होती.

छकुलीनं ती गोळी चहाच्या घोटाबरोबर घेतली आणि अंग ठणकतं म्हणून परत पडून राहिली. छातीत जाळ उठला. दोन सोमवार तेच झालं. तिसऱ्या सोमवारी मावशींनी गोळ्यांचं पाकीट माझ्या काउंटरवर आणून ठेवलं.

"अकबर, ही परत घे बाबा. पोरीच्या काळजात आग लावती. ती ताकदीची तेवढी दे."

"मावशी, हाडाची गोळी हाय ती. डॉक्टरीणबाईंना फोन तरी करा."

"हाडं धड हायेत तिची. मांस सुजलंय म्हनून उठता येत न्हाय, तूच वाचून दावलं न्हवं?"

दुकानात गर्दी होती. मी पाकीट घेतलं आणि स्टेरॉइड दिलं. पुढं वर्षभर दर महिन्याला देत राहिलो. गुण येत होता म्हणून पुण्याच्या खेपा लांबल्या, आणि मी हाडाच्या गोळीचं नाव पुन्हा काढलं नाही. बोललो असतो तर मावशी चिडल्या असत्या, दोन दिवस अबोला धरला असता, बस. मला सगळं कळत होतं. कळत होतं आणि मी गप्प बसलो.

गुण खरंच आला. छकुलीचा चेहरा स्टेरॉइडनं गोल झाला, आणि गाव म्हणालं पोरीनं बाळसं धरलं. एके सकाळी मावशींचा फोन आला. त्या रडत होत्या का हसत होत्या ते कळेना. "उठली रं अकबर! चुलीपुढनं आपली आपन उठली, कुनाचा हात न्हाय का भिताड न्हाय!" शेजाऱ्यांनी त्याचा व्हिडिओ काढून पळसदेवला पाठवला. शुक्रवारी न्यायला येतो, असा सिद्धूचा निरोप आला. पोरीनं फोनवर विचारलं, "आई, मला कडंवर घेशील का आता?" छकुली म्हणाली, "घेईन की." त्या आठवड्यात ते घर कसं उजळलं होतं ते मी पाहिलंय.

बुधवारी छकुलीनं वाकून कळशी उचलली आणि पाठीत कळ आली. अशी की श्वास घेववेना. उसण, दुसरं काय असणार? आणि उसणीचा उतारा तर घरातच होता. मावशींनी लेकीला उंबऱ्याशी पालथं झोपवलं. शुक्रवार दोन दिवसांवर आलेला, आणि समोर पोटची पोर. त्या दिवशी मावशींनी पाय टेकवला नाही, दाबला. पाच वेळा. तिसऱ्या वेळेला छकुली किंचाळली, तरी त्यांना वाटलं उसण निघते आहे.

त्यानंतर तिला उठताच येईना. बारामतीला एक्स-रे काढला, तिथून पुण्याला नेलं. गाडीत मी होतो. पाठीचे तीन मणके चेपले होते. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. मी पायाचं सांगितलं.

"पायानं थोडं वाढलं असेल," त्या म्हणाल्या, "पण मणके कळशी उचलतानाच बसले असणार. हाडं आतून पोकळ झालीत. आठवड्याची गोळी कुणी बंद केली?"

"छातीत जळायचं तिच्या."

"मग फोन करायचा. दुसरी औषधं आहेत, इंजेक्शन आहे. शंभर टक्के नाही म्हणत, पण हे बहुतेक टळलं असतं."

मी बाहेर आलो. मावशी बाकावर पाय पदराखाली घेऊन बसल्या होत्या. "पायानं न्हाय झालं म्हनत्यात," एवढंच मी सांगितलं. मग कशानं, ते सांगितलं नाही.

शुक्रवारी सिद्धू आला. खाटेवरची बायको बघितली, चहा घेतला, गेला. इंजेक्शनं सुरू झाली, पाठीला पट्टा आला, धरून धरून चार पावलं टाकू लागली, पण श्रावणात छकुली मोरीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ती अंथरुणाला आहे. परवा रक्ताचा रिपोर्ट आला, फार चांगला. स्नायूंची सूज पूर्ण उतरली आहे. हे ऐकून छकुली भिंतीकडं तोंड करून झोपली. पळसदेवचा फोन पंधरा दिवसांतनं एकदा येतो. पोरगी आता चुलतीला आई म्हणते.

मावशी कुणाला पाय लावत नाहीत. लांबून आलेली माणसं गयावया करतात, त्या दारातूनच हात जोडतात.

गेल्या महिन्यात दुपारच्या दुकानात आल्या. आम्ही दोघंच होतो.

"अकबर, एक इचारू? खरं सांगशील?"

"इचारा की."

"त्या सोमवारच्या गोळ्या. मी परत आनल्या त्या. पोरीला दिल्या असत्या, तर हाडं ऱ्हायली असती का रं?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. पण हो म्हटलं तर ही बाई इथंच मोडून पडेल, असं वाटलं. आणि त्यात माझीही कातडी वाचत होती, ते कशाला लपवू?

"न्हाय मावशी. काय फरक पडला नसता."

त्यांनी हळूहळू मान हलवली. मला वाटलं, सुटल्या बिचाऱ्या.

"म्हंजी पायच," त्या म्हणाल्या. "मी आपली गोळ्यांवर ढकलू बघत हुते."

मी तोंड उघडलं. खरं सांगायचं तर आधी माझं नाव घ्यावं लागलं असतं. मी छकुलीची औषधं पिशवीत घातली आणि त्यांच्या हातात दिली.