‘बस की रं’

कळंबच्या रस्त्यावरचा आमचा बार कधीच धड नव्हता. बियर कोमट, पापड सादळलेला, मुतारीच्या दाराला कडी नाही. तरी शनिवारी संध्याकाळी गावातले आम्ही चौघे तिथेच बसायचो. मी गावच्याच शाळेत मास्तर. दिवसभर ‘आहे-नाही’ करून जीभ अवघडायची, ती तिथे ‘हाय-नाय’ करून सैल व्हायची.

मालक बाहेरचा. आसपासच्या रिसॉर्टचे पाहुणे वाढले तसा त्याने महिनाभर बार बंद ठेवला, भिंतींना शेणाचा रंग फासला आणि नवी पाटी लावली, ‘बस की रं’. आत भिंतभर आमचीच बोली रंगवलेली. ‘हाय का नाय?’ ‘आमी हितंच!’ खालापूरच्या टोलनाक्यावरून आलेली शहरातली माणसं तिच्यापुढे उभी राहून फोटो काढत होती. बियर तशीच कोमट, फक्त आता मातीच्या मगात.

पण माझं डोकं फिरलं ते वेटरला बघून. तो आमच्याच आळीतला, माझ्या बरोबरीचा. या वयात त्याला धोतर नेसवलेलं, डोक्याला मुंडासं. टेबलाशी बसलेल्या एका बाईंना तो पाठ केल्यासारखं म्हणाला, ‘‘काय घेणार रं?’’ बाई खिदळल्या. अरे, बाईमाणसाला गं म्हणतात! मालकाने कागदावर लिहून दिलं तसं हा बोलत होता. रं कुठे आणि गं कुठे ते ज्याला कळत नाही, तो आमची भाषा विकायला निघाला होता.

मी उठलो आणि गल्ल्यावर जाऊन मालकाला फैलावर घेतलं. ‘‘ही आमची बोली आहे, तमाशा नाही! लाज वाटत नाही तुम्हाला?’’ अख्खा बार बघू लागला. मालक नुसता हसत होता, त्यामुळे मी आणखीच चवताळलो.

वेटरने माझा दंड धरून मला बाजूला ओढलं.

‘‘गप रं मास्तर. माज्या पोरीनं वहीत ‘हाय’ लिवलं, तवा लाल रेघ कुनी मारली? तूच ना? आता ती घरात पन तसं बोलत नाय. मी बोललो तर हसते मला. हितं बोलू दे. हितं त्याचा पगार भेटतो.’’

माझा राग काही गेला नाही. मालकावर ओरडायला मात्र तोंड उरलं नाही.