तारेच्या अलीकडे

उचिवा कांदोरोझू शिवणकाम करते. ओकाकारारा गावच्या बाजारात कुणालाही विचारा, लग्न असो की मयत, दहा-दहा मीटर कापड खाणारा आमच्या हेरेरो बायकांचा पायघोळ झगा आणि शिंगांसारखा आडवा फेटा उचिवाच्याच हातचा हवा. वय सत्तर. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली, जीभ मात्र कात्रीसारखी. "हा झगा आम्ही मिशनरी मडमांकडून शिकलो," ती गिऱ्हाइकांना सांगते, "आणि फी म्हणून त्यांच्या लोकांनी आमची जमीन घेतली. फार महाग पडली बाई शिकवणी!"

ती जन्मली ओकोंगोम्बेला. नकाशावर शोधू नका, तिथे ग्रेटेनहॉफ, म्हणजे ग्रेटेची वाडी, लिहिलंय. जर्मनांनी आमच्या माणसांवर तोफा डागल्या, उरलेल्यांना वाळवंटात पिटाळून तहानेने मारलं आणि मग बसून जमिनी वाटून घेतल्या. ही ग्रेटे कोण? तर पहिल्या मालकाची बायको. चार वर्षं राहिली आणि उकडतं म्हणून माहेरी निघून गेली. नाव अजून फाटकावर आहे! उचिवाच्या पणजोबांची गुरं ज्या पाणवठ्यावर यायची, त्याच पाणवठ्यावर तिचा बाप मालकाची गुरं पाजायचा, पीठ आणि तंबाखूच्या बदल्यात. एकसष्ट साली तो गेला. मोठ्या बाभळीखाली त्याला पुरलं. दोन वर्षांनी मालक म्हणाला, इतकी खाणारी तोंडं नकोत. विधवा आई, उचिवा आणि थोरला भाऊ वेटारुहे यांना भांड्याकुंड्यांसकट ट्रकमध्ये भरलं आणि काळ्यांसाठी राखून ठेवलेल्या माळावर आणून ओतलं.

यंदा वेटारुहे आजारी पडला. शेवटच्या दिवसांत बहिणीचा हात धरून म्हणाला, "मला बापाशेजारी ठेव. नगरपालिकेच्या स्मशानात नंबर लावून निजायचं नाही मला." उचिवाने शब्द दिला. तो गेला मंगळवारी. मयत शनिवारी ठरली. मधल्या दिवसांत परवानगी आणायची होती.

गुरुवारी सकाळी भावाचा मुलगा चेरिपो तिला गाडीने ग्रेटेनहॉफला घेऊन गेला. फाटकाला कुलूप. फोन केल्यावर मालक उवे हाल्मरिख स्वतः आला. चौथी पिढी. अगदी गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्यांचीच उचिवाला जास्त चीड येते.

"आजी, मनापासून वाईट वाटलं," तो म्हणाला. "तुमच्या वडिलांची कबर इथे असेल तर माझी ना नाही. दाखवा कुठे आहे."

बाभूळ होती तिथेच होती. खाली मात्र सपाट अंगण, वेताच्या खुर्च्या आणि शिकारीला आलेले चार-पाच परदेशी पाहुणे नाश्ता करत बसलेले. आमच्यात कबरीपाशी गेलं की गुडघे टेकायचे, दगडावर हात ठेवायचा आणि मी अमक्याची तमकी म्हणून सांगायचं. उचिवा हात कुठे ठेवणार?

"इथे दगडांची रास होती," ती म्हणाली. "माझ्या कमरेएवढी."

"दगड तर इथे सगळीकडे आहेत, आजी. नावाची पाटी होती का? काही कागद?"

पाटी! आमच्या जुन्या कबरींना ना पाटी ना सिमेंट. येणारा-जाणारा एकेक दगड ठेवतो, रास वाढत जाते. कबरीवरचा दगड उचलावा असं कुणाच्या स्वप्नातही येत नाही, म्हणून निघताना आईने कसली खूण केली नाही. चुकलंच आमचं. आम्ही जगाला आपल्यासारखं समजलो.

आणि तिथून तीस पावलांवर, अहो, दोन जर्मन शिपायांच्या कबरी! चुना लावलेल्या, भोवती लोखंडी कठडा, संगमरवरावर नाव, गाव, तारीख. एकशे पंधरा वर्षांपूर्वी आम्हाला मारायला आले आणि तापाने मेले. त्यांना ताजी फुलं!

झाडांना पाणी घालणारा म्हातारा गावासेब हातातली नळी टाकून पुढे आला. पन्नास वर्षं याच फार्मवर राबलेला माणूस. कुणी त्याला विचारलं नव्हतं.

"दगड मी वाहिले, बाई," तो म्हणाला. "मोठ्या साहेबांनी सांगितलं, पाहुण्यांना ओटा पाहिजे. मी म्हटलं, साहेब, ती कबर आहे. तर म्हणाले, रास आहे ती, उचल. हातगाडीने तीन दिवस वाहिले." आणि त्याने बोट दाखवलं. अंगणाच्या कडेला त्याच दगडांचा ओटा बांधलेला, त्यावर रात्रीच्या बिअरच्या बाटल्या होत्या, एका पाहुण्याचे बूट होते.

हाल्मरिखचा चेहरा लाल झाला. "गावासेबला हल्ली काही आठवत नाही. आणि असलं तरी ते माझ्या आधीचं आहे. वडिलांनी केलेल्या गोष्टीला मी कसा जबाबदार?"

उचिवाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझ्या आधीचं? मग ही जमीनसुद्धा तुझ्या आधीचीच की रे! ती बरी घेतलीस वडिलांकडून!"

ती ओट्यापाशी गेली. बूट बाजूला सारले, दहा मीटरचा झगा आवरून गुडघे टेकले आणि दगडावर हात ठेवला. पाहुण्यांचे काटे-चमचे थांबले.

"मी उचिवा, बाबा. तुझी मुलगी. वेटारुहे गेला. त्याला तुझ्याजवळ आणायचं म्हणून आले होते." ती रडली, चांगली हंबरडा फोडून रडली.

"आजी, प्लीज, पाहुणे आहेत," हाल्मरिख पुटपुटला. मग चेरिपोला बाजूला घेऊन खरं ते बोलला. "समजून घ्या. आज एक कबर मान्य केली, तर उद्या पन्नास घरं येतील आणि जमीन मागतील. मी परवानगी देऊ शकत नाही."

शनिवारी वेटारुहेची शवपेटी घेऊन गाड्या निघाल्या. सगळ्यांना वाटलं, आता मुकाट्याने नगरपालिकेच्या स्मशानात. पण उचिवाने गाड्या ग्रेटेनहॉफच्या रस्त्याला वळवल्या आणि फाटकाजवळ थांबवायला लावल्या. रस्ता आणि फार्मची तार यांच्यामध्ये दहा-बारा पावलांची सरकारी पट्टी असते.

"खणा इथे," ती म्हणाली. "तारेला अगदी चिकटून. डोकं बाभळीच्या दिशेला."

"आत्या, पोलीस येतील," चेरिपो म्हणाला.

"येऊ देत. त्यांनाही सांगीन कुणाची कबर कुठे गेली ते. तू कुदळ घे."

कमरेइतकं खणून झालं तेव्हा हाल्मरिख धुरळा उडवत आला. तारेपलीकडूनच ओरडला, "इथे पुरता येणार नाही तुम्हाला!"

"का? ही जागा तुझी आहे?"

"माझी नाही. सरकारची आहे."

"मग सरकार येईल आणि बोलेल माझ्याशी. तू कोण मध्ये?"

तो फोन काढून उभा राहिला. पुरुषांनी दोर सोडले, पेटी खाली गेली, बायकांनी आक्रोश केला. माती लोटून झाल्यावर उचिवाने चेरिपोला हाक मारली.

"वेटारुहेच्या शेजारी माझ्यापुरती जागा मोजून ठेव," ती हाल्मरिखकडे बघत, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "रोज फाटक उघडताना याला आम्ही दिसलो पाहिजे."