गियरमध्ये ओतलेलं तेल

बाईनं होडीला तेल लावायचं नाही, अशी आमच्या घरची रीत होती. नारळी पौर्णिमा जवळ आली की अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीच्या फळ्यांना घरातले पुरुष मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजातून काढलेलं तेल चिंधीनं चोळायचे. वास असा की नवखा माणूस नाक दाबून पळेल. मी लांब उभी राहून धुमसायचे. शिकलेली, नोकरीला लागलेली मुलगी मी, आणि होडीला माझा हात चालत नाही! एका वर्षी बाबांना तसं तोंडावर बोललेच. बाबा हसले.

"होडी नाय तं नाय. ट्रकाला लाव. तो पन आपली होडीच हाय ना."

तेव्हापासून दर वर्षी ट्रकच्या लाकडी हौद्याला तेल लावायचं काम माझं झालं. ट्रक माझ्याहून वयानं मोठा होता, पुढे लांब नाक असलेला. बाबांनी तो कुणाकडून तरी जुनाच घेतला होता आणि बर्फात घातलेली मासळी घेऊन रोज सकाळी ते बंदरावरून वसईच्या बाजाराला जायचे. होडी काकांकडे होती. बाबांचं सगळं जग या ट्रकच्या पुढच्या सीटवर.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं त्या वर्षीची गोष्ट. हौदा चोळून झाला तरी वाटीभर तेल उरलं. ते टाकून द्यायला जीव होईना. गियरचा दांडा बरेच दिवस बुडाशी कुरकुरत होता. मी त्याच्या पायाशी असलेली रबराची टोपी वर सरकवली आणि वाटी आत रिकामी केली. दुसऱ्या दिवसापासून कुरकुर बंद. मी स्वतःवर इतकी खूश, की कुणाला सांगायचीही गरज वाटली नाही. लाकडाला जे चालतं ते लोखंडाला चालेलच, असं मी धरून चालले. होडीवाल्यांच्या घरात या तेलावर कुणाला शंका येत नाही.

थंडी पडली आणि गियर अडकायला लागला. सकाळी बंदरावर ट्रक चालू करून बाबा पहिला गियर टाकायला जायचे, तर दांडा अर्ध्यावर थांबायचा. मग ते डाव्या हातानं ओढत, ढकलत, पुटपुटत बसायचे. वसईला पोहोचेपर्यंत इंजिन तापायचं आणि दांडा सैल व्हायचा. त्यामुळे बाजारातल्या गॅरेजवाल्याला दाखवलं की त्याच्या हातात गियर बरोबर पडायचा. दोनदा दाखवलं. दोन्ही वेळा त्यानं सांगितलं, गाडी जुनी आहे, एवढं चालायचंच.

गाडीत काही नाही म्हटल्यावर उरला कोण? बाबांचा हात.

डॉक्टर झाले. खांद्याला इंजेक्शन झालं. आई रोज संध्याकाळी तो हात मांडीवर घेऊन खोबरेल चोळायची आणि बाबा मुठी वळून बघायचे, भांडं धरून बघायचे. भांडं काही सुटायचं नाही. पण साठी उलटलेल्या माणसाला एकदा शंका आली की ती जात नाही. मीसुद्धा काही कमी नाही. एकदा कामावर जायच्या घाईत होते आणि बाबा अंगणात दांड्याशी झटत होते, तेव्हा मी फाडकन म्हणाले, "बाबा, पुरे कर आता. हातात जोर नाही राहिला तुझ्या, मान्य कर ना."  मी निघून गेले.

त्यानंतर आठवड्याभरात वाटेतल्या नंदाखाल गावच्या अरुंद रस्त्यावर समोरून एस.टी. आली. दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या, दोन गाड्या जायला जागा नाही, आणि ट्रकनं मागे जाणं सोपं होतं. बाबांना रिव्हर्स पडेना. एस.टी.तली माणसं खिडक्यांतून डोकावायला लागली, मागे रिक्षांचे भोंगे. शेवटी एस.टी.तून एक धडधाकट तरुण उतरला, ट्रकमध्ये चढला, दोन्ही हातांनी दांडा हिसडला आणि गियर टाकून दिला. जाताना म्हणाला, "बाबा, घरी बसा आता, आराम करा." त्याच्या मनात काही वाईट नसणार. एस.टी.तल्या कुणाकडून तरी कळलेलं हे सगळं मला आईनं सांगितलं. बाबांनी घरी येऊन फक्त किल्ली खिळ्याला अडकवली होती.

ट्रक दोन महिने अंगणात उभा राहिला. बाबा त्याच्याकडे पाठ करून बसायचे. जेवण कमी झालं. बंदरावर जाणं बंद झालं. आमच्याकडे बंदरावर न जाणारा माणूस म्हणजे आजारी, म्हणून लोक विचारपूस करायला येऊ लागले, आणि त्यांच्यासमोर बाबा डावा हात उपरण्याखाली ठेवायचे. मला बघवत नसे, पण करणार काय?

शेवटी त्यांनीच सांगितलं, विकून टाकू. विकायचा तर आधी चालता करायला हवा, म्हणून मी गोखिवऱ्याहून एका मिस्त्रीला बोलावून आणलं. रविवारची सकाळ होती, गारठा होता, आणि ट्रक कितीतरी दिवसांचा थंडगार. मिस्त्रीनं दांडा हलवून पाहिला. हललाच नाही. त्यानं दोन्ही हात लावले.

"ताई, एवढा जाम गियर चालवत कोण होतं?"

"माझे बाबा. एका हातानं."

"कमाल आहे!"

त्यानं रबराची टोपी काढली, खालचं झाकण खोललं आणि दांडा उपसून बाहेर घेतला. दांड्याच्या टोकाला लोखंडाचा गोळा असतो आणि तो एका वाटीत फिरतो. वाटी पिवळट, चिकट लगद्यानं भरली होती. मिस्त्रीनं बोटावर थोडं घेतलं, नाकाजवळ नेलं आणि तोंड वाकडं केलं.

"ये क्या डाला है, ताई? ग्रीस नाही हे. गोंद झालाय पूर्ण."

मला नाकाजवळ न्यायची गरज नव्हती. मासळीच्या ट्रकमध्ये तोवर तो वास कुणाला वेगळा कळला नव्हता, पण झाकण उघडल्यावर तो थेट वर आला. हवेत सुकलं की हे तेल घट्ट होतं. म्हणून तर होडीला लावतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी तिथेच पायरीवर बसले.  बाबांचं इंजेक्शन, आईची मालिश, नंदाखालचा तो तरुण आणि माझं ते फाडकन बोलणं, सगळं एकदम अंगावर आलं.

रॉकेल मी स्वतः आणलं. गोळा आणि वाटी मी स्वतः घासली, नखं काळी होईपर्यंत. मिस्त्री म्हणत होता, ताई, मी करतो. मी दिलं नाही. त्यानं नवं ग्रीस भरलं, दांडा बसवला आणि दोन बोटांनी चारही गियर टाकून दाखवले.

मी धावत घरात गेले. बाबांना हाताला धरून आणलं, सीटवर चढवलं. त्यांनी डावा हात उपरण्यातून काढायला बराच वेळ घेतला. मग दांडा धरला. पहिला, दुसरा, तिसरा, रिव्हर्स. लोण्यातून सुरी जावी तसा. मी खाली उभी राहून भडाभडा बोलत होते. तेल मी ओतलं होतं, बाबा. तुझ्या हाताला काही झालं नव्हतं. तू एवढा जाम गियर एका हातानं टाकत होतास. मिस्त्रीला विचार. मी चुकले, मी नको ते बोलले.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्या काळ्या नखांकडे बघितलं. मग हळूच खाली उतरले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"असूदे गो. मना बरं वाटावं म्हनून बोलतंस तू."

मी पुन्हा सांगितलं. मिस्त्रीनं सांगितलं. मी रडले, चिडले, आईला मध्ये घातलं. जितकं जास्त सांगावं तितकी त्यांची खात्री पक्की होत गेली. ट्रक त्यांनी विकला नाही, पण चालवलाही नाही. चालवायला माणूस ठेवला. बंदरावर मात्र जायला लागले, आणि कुणी तब्येतीचं विचारलं की ट्रककडे बोट दाखवून सांगायचे, "माज्या पोरीनं माज्या हातासाठी गियर सैल करून घेतला." लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे, आणि बाबा त्यांच्याहून जास्त.