लाल रेघ

दादरच्या एका जर्मनच्या क्लासमध्ये शिक्षकांना कॉम्प्युटर शिकवायला मी आठवडाभर जात होतो. तिथल्या सर्वांत जुन्या बाईंनी पहिल्याच दिवशी कॉम्प्युटरकडे बोट दाखवून मला बजावलं, "हा माझ्या चुका काढणार असेल, तर मी शिकवणं सोडते."

त्यांनी टाइप केलेल्या प्रत्येक जर्मन शब्दाखाली लाल रेघ येत होती. आयुष्यभर लाल पेन त्यांच्या हातात होतं. आता ते दुसऱ्याच कोणाच्या तरी हातात गेलं होतं.

"बाई, तो हे इंग्रजी समजून वाचतोय," असं म्हणत मी भाषा बदलून जर्मन केली. सगळ्या रेघा गेल्या. एक मात्र उरली.

बाईंनी पदराने स्क्रीनची काच पुसली, तरी ती जाईना. मग त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि माझ्यासाठी अर्थही सांगितला, "मी लालबागला राहते." रेघ लालबागखाली होती.

मला वाटलं, आता बाई उठून जाणार. पण त्या पहिल्यांदाच हसल्या.

"जर्मन चांगलं आहे हो याचं. पण लालबाग माहीत नाही, म्हणजे मुंबईत नवीन दिसतोय."

आणि कीबोर्ड पुढ्यात ओढून त्यांनी त्याला शिकवायला घेतलं.