कप्तानाला बाहेर कोण काढणार

आमच्या कोचला फुटबॉल कळत नाही असं मी कधीच म्हटलं नाही. कळतं त्याला, चांगलं कळतं. परदेशातून आलाय, विमान उतरलं तेव्हा पोरं हार घेऊन देवनहळ्ळीच्या विमानतळापर्यंत गेली होती. पण डोळ्यांना दिसतंय ते तोंडाने सांगायची छाती त्याच्यात नाही, आणि ज्याच्यात ती नाही त्याने टीम निवडू नये, घरी बसून कॉफी प्यावी. हे मी गेला सगळा मोसम पूर्वेकडच्या स्टँडमध्ये बसून घसा फुटेपर्यंत ओरडून सांगितलं. शेजारी अण्णा, म्हणजे माझे वडील, शेंगा सोलत बसलेले असायचे. दर वेळी म्हणायचे, स्वल्प हळू, त्याला काही ऐकू जात नाही, माझा कान मात्र गेला.

भांडण कप्तानावरून होतं. आमचा कप्तान एके काळी काय चीज होता हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. चेंडू त्याच्या पायाशी आला की माणसं आपोआप उभी राहायची, हातातली भजी हातातच राहायची. आता चेंडू पायाशी येतो आणि समोरचा कोणी तरी विशीतला पोरगा येऊन घेऊन जातो. पळताना कप्तानाचा उजवा पाय किंचित ओढतो. तरी दर सामन्यात पहिलं नाव त्याचंच. बरं, त्याच्या वाट्याचं पळायला कोचने काय शक्कल काढावी? आमचा डावा विंगर, वाऱ्यासारखा सुटणारा, त्याला आणून कप्तानाच्या पाठीशी उभा केला. का, तर कप्तानाने घालवलेले चेंडू त्याने गोळा करावेत. एकाची अब्रू झाकायला दुसऱ्याचे पाय जाळायचे, असला हा कारभार. विंगर मागे आला म्हणून पुढे कोणी उरलं नाही, आणि पुढे कोणी नाही म्हणून आमचे बचावपटू एकमेकांना आडवे पास देत बसतात, लग्नघरी दोन व्याही 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करतात तसे. गोलकीपरबद्दल तर मी बोलतच नाही. दोन हातांत अलगद धरायचा चेंडू तो बुक्की मारून समोरच्याच्या पायावर नेऊन देतो.

अण्णांचं म्हणणं एकच. कुठे उभं राहायचं ते कप्तानाला कळतं, आणि पाय गेले तरी ते कळणं जात नाही. मी म्हणायचो, नुसतं उभंच राहायचं असेल तर बसस्टॉपवर राहू दे की.

आमच्या मागच्या रांगेत व्हाइटफील्डहून येणारी तीन-चार मुलं बसायची, कंपनीत कामाला असलेली. आमचं मराठीतलं भांडण ऐकून एकदा त्यांनी विचारलं, काका, तुम्ही पण पुण्याचे का? अण्णा म्हणाले, आम्ही इथलेच, किती पिढ्या झाल्या ते माझ्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं. मुलं माझ्या बाजूची निघाली. कप्तान किती पळाला, कुठे पळाला, याची रंगीत चित्रं मोबाइलवर काढून ती अण्णांच्या डोळ्यांसमोर धरायची. अण्णा चष्मा वर करून ती नीट बघायचे आणि शेंगा पुढे करायचे. मत काही बदलायचे नाहीत.

आमचं दुकान चिकपेटच्या एका गल्लीत आहे. आम्ही कोट शिवतो. गिऱ्हाइकाशी बोलणं आणि माप घेणं माझ्याकडे, शिवायला आत कारागीर, आणि कापड कापणं अण्णांकडे. कापायला मलाही येतं, त्यांनीच शिकवलंय, पण आमच्या घराण्यात एका वेळी कात्री एकाचीच. थोरल्याने ती आपण होऊन खाली ठेवायची, मग दुसऱ्याने उचलायची. ती हातातून हातात देत नाहीत, भांडणं लागतात म्हणे. मागून घेणं तर दूरच. अण्णांनी त्यांच्या वडिलांची कात्री तशीच उचलली होती, आणि माझी पाळी कधी येणार हे विचारायची आमच्यात पद्धत नाही.

गेल्या लग्नसराईत एका नवरदेवाचा बंद गळ्याचा कोट आला. मरून मखमल. मखमलीला लव असते. एका दिशेने हात फिरवला तर मऊ लागते, उलट फिरवला तर अडते. कोटाचे सगळे तुकडे लवेच्या एकाच दिशेने कापावे लागतात, नाही तर एक बाजू उजळ दिसते आणि दुसरी काळपट. शिकाऊ पोराला पहिल्या महिन्यात शिकवतात ते हेच. अण्णा तर कापडाकडे बघायचेही नाहीत. डोळे मिटून तळवा फिरवायचे आणि खडू उचलायचे.

त्या दिवशीही तसाच तळवा फिरवला. संध्याकाळी ते घरी गेल्यावर मी तुकडे उचलले आणि ट्यूबलाइटखाली धरले. उजवा पुढा, म्हणजे कोटाचा पुढचा तुकडा, वाइनसारखा लाल, डावा काळाकुट्ट. मी तसाच उभा राहिलो. माझा विश्वासच बसेना. मग गेल्या काही महिन्यांतलं एकेक आठवायला लागलं. समोरच्या दर्शिनीतून, उभ्याने खायच्या हॉटेलातून, कॉफी येते, ती स्टीलच्या लोट्यात इतकी कढत असते की मी कडेला दोन बोटांनी धरतो. अण्णा अख्ख्या मुठीत धरून बसायला लागले होते. अण्णांच्या साखरेच्या दुखण्याने बोटांची जाणीव जाते, हे डॉक्टर पूर्वी म्हणाले होते. आम्ही सगळ्यांनी पायांकडे लक्ष दिलं, चपला बदलल्या. हातांचं कोणाच्या मनातही आलं नाही.

मी काय करणार होतो? त्याच ताग्यातलं कापड शेजारच्या दुकानातून आणलं आणि सकाळी अण्णा यायच्या आत डावा पुढा नवा कापून ठेवला, कारागिराच्या कात्रीने. टेबल पुसून टाकलं. कोट झाला, नवरदेव खूश होऊन गेला. त्यानंतर एक कॉर्डरॉयचं जॅकेट, मग चौकटीच्या कापडाची एक बाही. रोज नव्हे, पण होत राहिलं. मी दुकान लवकर उघडायला लागलो. बायकोने विचारलं तर म्हटलं, सीझन आहे. अण्णांना यातलं एक अक्षर बोललो नाही. आणि मी फार मोठं पाप केलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. सांगायचं होतं म्हणणाऱ्याने आधी आपल्या बापाच्या हातातून कात्री काढून दाखवावी, मग माझ्याशी बोलावं.

मोसमाचा शेवटचा सामना रविवारी संध्याकाळी पाचला होता. जिंकलो तर पुढच्या फेरीत, नाही तर सगळं बोंबललं. कप्तान अर्थातच पहिल्यापासून मैदानात. मध्यंतरापर्यंत एक-एक बरोबरी होती आणि माझा आवाज निम्मा गेलेला होता. मध्यंतरानंतर आम्हाला पेनल्टी मिळाली. सगळी टीम विंगरकडे बघतेय, आम्ही बघतोय, आणि कप्तान चेंडू काखेत घेऊन चालत निघाला. मी कोचकडे पाहिलं. तो बुटाची नाडी बांधत होता. बांधलेलीच होती, मी शपथेवर सांगतो. कप्तानाने मारलेला चेंडू सरळ जाऊन समोरच्या गोलकीपरच्या हातात बसला, दूधवाल्याने पिशवी हातात द्यावी तसा.

मग स्टँडच पेटलं. बाहेर काढा, बाहेर काढा. माझा आवाज सगळ्यांच्या वर होता. मागची मुलं बाकावर उभी राहून ओरडत होती. अण्णा तेवढे बसून होते. त्यांनी माझी बाही ओढली आणि मला वाकायला लावून कानाशी म्हणाले, कप्तानाकडे बघ, तो कुठे बघतोय ते बघ. मी पाहिलं. खेळ थांबला की कप्तान कोचच्या बाकाकडे मान वळवत होता. चेंडू बाहेर गेला, बघितलं. फाउल झाला, बघितलं. कोच दर वेळी दुसरीकडे तोंड करायचा. शेवटी मैदानाच्या मध्यावर कप्तानाच्या पायातून चेंडू गेला, विंगर तो परत मिळवायला जिवाच्या आकांताने पळाला, पोचला नाही, आणि आमच्यावर गोल झाला.

शिट्टी वाजल्यावर कप्तान गवतात बसला. त्याच्याजवळ कोणी गेलं नाही. स्टँड रिकामं होत होतं, मुलं 'येतो काका' म्हणून निघून गेली, आणि मी अजून बडबडतच होतो. कोचला तर सोडाच, पण माणसाला स्वतःला काही कळू नये का, म्हटलं. पाय चालत नाहीत हे आपल्याला आधी कळतं की दुसऱ्याला? लाज असती तर आपणच हात वर करून बाहेर आला असता.

अण्णांनी मांडीवरची टरफलं एका कागदात गोळा केली. कागदाची पुडी केली, खिशात टाकली.

"आत असताना पाय आपलेच वाटतात रे," ते म्हणाले. "बाहेर बसलेल्याने सांगायचं असतं."

मी म्हटलं, तेच तर मी ओरडून सांगतोय मोसमभर.

"मखमलीचा पुढा तू कापलास ना?"

अण्णा मैदानाकडेच बघत होते. सावकाश, एखाद्या गिऱ्हाइकाला समजावून सांगावं तसं त्यांनी सांगितलं. बाही कुठे जोडायची याची खूण म्हणून कापडाच्या कडेला आम्ही बारीकशी खाच मारतो. अण्णांची खाच तिरकी असते, माझी सरळ. नवरदेव ट्रायलला आला तेव्हा अस्तर लागलेलं नव्हतं, आणि डाव्या पुढ्याला सरळ खाच होती. त्या दिवसापासून ते कारागिराच्या हातातला प्रत्येक तुकडा बघत होते. बोटं गेलीत हे त्यांना त्याआधी खरंच कळलं नव्हतं. तळव्याला लागत होतं ते खरं की नुसती आठवण, हे आता त्यांनाच सांगता येत नव्हतं.

"रोज दुकानात आलो की आधी तुझ्या तोंडाकडे बघायचो," अण्णा म्हणाले. "तू मला कधी सांगणार होतास?"

कोच डोळ्यांसमोर आला, नाडी बांधताना. मला इतकं वाईट क्वचितच कधी वाटलं असेल. त्यांचा हात धरावा असं मनात आलं, तर त्यांना तो धरलेला कळेल की नाही या विचाराने हात पुढेच झाला नाही. मेट्रोत आम्हाला बसायला जागा मिळाली. दोघेही उतरेपर्यंत खिडकीबाहेर बघत होतो.

दुसऱ्या दिवशी अण्णा नेहमीच्या वेळेला दुकानात आले. देवापुढे उदबत्ती लावली, कात्री काढली, तिच्या सांध्यात तेलाचा थेंब सोडला, फडक्याने पुसली. मी माझ्या बाजूला मापाची वही उघडून बसलो होतो, उगाचच. त्यांनी कात्री टेबलावर माझ्या बाजूला ठेवली, मूठ माझ्याकडे करून. आणि टेबलाला वळसा घालून ते पुढे गेले, गिऱ्हाईक जिथे उभं राहतं तिथे, आरशासमोर. सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या.

"माझा एक कोट काप," ते म्हणाले. "करड्या रंगाचा. माप घे."

त्यांनी आपले कोट आयुष्यभर स्वतःच कापले होते. त्यांचं माप कुणी घेतलेलं मी कधी पाहिलं नाही, ते त्यांना आणि मला पाठच होतं. मी टेप गळ्यातून काढली आणि त्यांच्या पाठीवर खांद्यापासून खांद्यापर्यंत लावली. टेप पाठ असलेल्या आकड्यापर्यंत गेलीच नाही, बरीच अलीकडे संपली. मी पुन्हा लावली. मग जो आकडा लहानपणापासून ऐकत आलो होतो तोच मोठ्याने म्हटला आणि पेन्सिल उचलली.

अण्णा वळले नाहीत. आरशातूनच त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"टेप काय म्हणते ते सांग."

मी सांगितलं. खांदा सांगितला, छाती सांगितली, बाही सांगितली. मोठ्याने सांगितलं, आतल्या कारागिरांनाही ऐकू गेलं असेल. प्रत्येक आकडा जुन्यापेक्षा कमी होता, आणि प्रत्येक आकड्याला अण्णा हात थोडे अंगापासून दूर धरून, आरशातून माझ्याकडे बघत, "सरी, बरोबर" म्हणत होते.