टॅबवरचं माझं खोटं उत्तर

आपल्या गावच्या ग्रुपवरच्या कुहीवाल्यांनो, जय भीम. तीन तास झाले, अजून खोलीतच बसून आहे.

पुण्यात कंपनीत आहे मी, तुम्हाले माहीतच आहे. खोली माझ्या रूममेटच्या, पारशिवनीच्या प्रमोदच्या नावावर, म्हणून घरमालक काकांनी माझं आडनाव कधी विचारलंच नाही.

आज दुपारी काका, प्रमोद अन् मी अंगणात असताना सर्व्हेवाली ताई टॅब घेऊन आली. आधी काकांना विचारलं, शेजारी कोणत्या धर्माचे लोक चालतील? एकेक धर्म वाचत गेली. बौद्ध म्हणताच काका हसले. "नको गं बाई! आमच्याकडे बघ, चांगल्या घरची पोरं आहेत." आणि हात माझ्याच खांद्यावर ठेवला.

मग माझा नंबर. "दादा, तुमचा धर्म?"

माझे आजोबा लहानपणी त्यांच्या बाबाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेले होते. शाळेत मी हे छाती फुगवून सांगायचो. आज तोंडातून निघालं, "हिंदू."

प्रमोद खाली पाहून राहिला.

शेवटचा प्रश्न होता, "आपला धर्म इथे न घाबरता सांगता येतो का?"

मी म्हटलं, "हो." तिने टिक केलं.

तेवढ्यात आईचा फोन. आई जय भीम म्हटल्याशिवाय बोलत नाही, तेही मोठ्यानं. मी कापला.

नंतर प्रमोद म्हणे, "काहून घाबरून राहिला गा? मी नाही सांगत कोणाले."

आईचे चार फोन येऊन गेले. भिंतीपलीकडे काका आहेत.

तुम्ही काय सांगितलं असतं त्या ताईले? खरं सांगा.